व्हिनेगर निवळत नाही? आधी काय तरंगतंय ते ओळखा

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, पलीकडे चंदगड, कुठूनही. "वयनी, बोंडूचं व्हिनेगर आंबट झालंय, वास पण चांगला येतोय, पण ताकासारखं दिसायलंय बघा. काय घालू?"

एप्रिल-मे महिन्यात काजूबिया काढून घेतल्या की बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडाखाली कुजत पडतात. ते बघवत नाही म्हणून ज्यांनी रस काढून बरणीत भरला, त्यांची गाडी दोन महिन्यांनी बरोबर इथेच येऊन अडते. माझीही अडायची. सासरच्या बागेतल्या बोंडूंचं व्हिनेगर करायला लागून मला चौदा हंगाम झाले. त्यातल्या पहिल्या पाच हंगामांत मी एकाच बरणीत एकामागून एक इतक्या गोष्टी घातल्या, की शेवटी आत व्हिनेगर किती आणि औषधं किती, हे मलाही सांगता आलं नसतं.

प्रश्न नेहमी "काय घालू" असाच येतो. मी आधी "काय दिसतंय" हे विचारते, म्हणून सुरुवात तिथूनच.

लक्षणं

साध्या काचेच्या ग्लासात थोडं व्हिनेगर घ्या आणि ग्लासामागे 'तरुण भारत' धरा. बातमी वाचता येत असेल तर तुमचं व्हिनेगर गढूळ नाही, नुसतं रंगीत आहे. बोंडूचं व्हिनेगर पाण्यासारखं पांढरं होत नाही, फिकट सोनेरी होतं. दुकानातलं पांढरं व्हिनेगर शेजारी ठेवून तुलना करू नका. ते वेगळ्या वाटेने तयार होतं.

अक्षरं पुसट दिसत असतील तर पुढे वाचा.

वरपासून खालपर्यंत एकसारखं दुधट, रात्रभर ठेवलं तरी तसंच: यीस्ट, पेक्टिन (फळातलं चिकट द्रव्य) किंवा स्टार्च. सगळ्यात जास्त फोन याचेच.

वर निवळ, खाली साका, आणि बरणी उचलली की सगळं पुन्हा ढवळलं जातं: हा बिघाडच नाही. ओतण्याची पद्धत चुकतेय.

बाटलीत भरताना स्वच्छ होतं, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा धुरकट झालं, वर पातळ पडदा आला: आत हवा राहिली.

बाहेर स्वच्छ, फ्रिजमध्ये ठेवलं की धुरकट, बाहेर काढून ठेवलं की परत स्वच्छ: प्रोटीन आणि टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य).

काळपट-निळसर झाक: कुठेतरी लोखंड लागलं.

टॉर्च मारल्यावर पृष्ठभागाजवळ बारीक वळवळणारे धागे: सांगते पुढे, घाबरू नका.

ओतताना पाकासारखी तार सुटते, किंवा वर लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी: हे दोन वाचून सरळ शेवटच्या भागाकडे जा. मधलं काही करण्यात अर्थ नाही.

माझा पुतण्या बेंगळुरूला एका मायक्रोब्रूअरीत आहे. तो म्हणतो, "काकू, तुझी निम्मी यादी आमच्या बिअरची आहे." खरं आहे. तिथेही आधी यीस्ट तरंगतं, मग थंडीत धुरकटपणा येतो. बार्लीचं प्रोटीन आणि हॉप्समधलं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतलं) टॅनिनसारखं द्रव्य थंडीत एकमेकांना धरतात आणि ग्लासात धुकं येतं. त्यामुळे खालच्या बऱ्याच तपासण्या त्याच्या कामालाही लागू पडतात. फक्त त्याच्याकडे परवाना आहे, तुमच्या-माझ्याकडे नाही. कर्नाटकात परवान्याशिवाय घरी बिअर करणं अबकारी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे "याच रसाची बिअर होईल का" या फोनला मी उत्तर देत नाही. व्हिनेगर होताना मधे रसातल्या साखरेची दारू होतेच, पण ती तिथे थांबवायची नसते, पुढे आंबट होऊ द्यायची असते. आणि ती गाळून 'कडक' करायचा विचार तर मनातही आणू नका.

एक: अजून चालू आहे का?

खर्च शून्य, आणि बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

बरणी हळूच टिचकी मारून बघा. बारीक बुडबुडे वर येतायत? मग आत यीस्ट अजून साखर खातंय. प्रत्येक बुडबुडा वर जाताना गाळाचे कण सोबत उचलून नेतो. दूध मंद आचेवर असताना साय धरण्याची वाट बघण्यासारखं आहे हे. आच बंद केल्याशिवाय ती धरणार नाही.

हायड्रोमीटर (द्रव किती दाट आहे ते दाखवणारी काचेची नळी) असेल तर उत्तम. लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आणि १.००० च्या आसपास किंवा खाली, तर साखर संपली. नसेल तर जिभेवर थेंब घ्या. आंबटाच्या मागे गोडी लागत असेल तर अजून वेळ आहे.

याच कारणासाठी ही तपासणी पहिली. गोडी शिल्लक असताना बाटलीला घट्ट बूच लावलंत तर बाटली निवळत नाही, फुटते. माझ्या तिसऱ्या हंगामात फळीवरची एक बाटली पहाटे चारला फुटली. सासूबाई "कोण आलं, कोण आलं" करत उठल्या. त्या काचा मी दिवाळीच्या साफसफाईपर्यंत वेचत होते.

आमच्या शेजारच्या अक्का कन्नड. त्यांना मी पहिल्यांदा बरणी दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वल्प तडीरी." थोडं थांबा. त्यांनी आयुष्यात व्हिनेगर केलं नव्हतं, तरी माझ्यापेक्षा बरोबर बोलल्या. बुडबुडे थांबल्यावर पंधरा दिवस काही न करता ठेवा.

दोन: बरणी ठेवलीय कुठे?

हे विचारलं की लोकांना वाटतं मी वास्तुशास्त्र सांगतेय.

फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेली बरणी निवळत नाही. कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना थरथरतो, वर ऊबही असते. खिडकीत सकाळचं ऊन एका बाजूला लागतं, ती बाजू तापते, तिथलं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूने खाली उतरतं आणि दिवसभर आतल्या आत फिरत राहतं. गाळ बसायला ते थांबलेलं हवं. मिक्सर असलेल्या कट्ट्याची तीच गत.

आतल्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीशी, घडवंचीवर. जमिनीवर नको, कारण नंतर नळीने काढताना बरणी उंचावर लागते आणि उचलली की सगळा साका पुन्हा वर. पहिल्या दिवशीच उंचावर ठेवा.

बरणी कसली आहे तेही याच वेळी बघा. काचेची सगळ्यात चांगली. जुन्या चिनी मातीच्या बरणीचा चकचकीत थर तडकलेला असेल तर तीत आंबट काही ठेवू नये, जुन्या लेपांत शिसं असू शकतं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांतलं काहीही नको. कल्हई केलेलं असलं तरी नको.

तीन: ओतू नका, ओढा

फडक्याने गाळून व्हिनेगर निवळत नाही. यीस्टचा एक कण ५ ते १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि मलमलीच्या विणीतली भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. चार पदरी केलं तरी तो आरामात पार होतो. वर, फडकं पिळलंत की गाळातलं बारीक पीठ जोराने खाली उतरतं. फडक्याचं काम बोंडूचा चोथा आणि चिलटं अडवणं, एवढंच.

मेडिकलमधून सलाईनची नवी नळी आणा. उकळत्या पाण्यातून काढा. एक टोक वरच्या निवळ भागात, दुसरं खालच्या बरणीत. नळीचं टोक साक्याच्या वर चार बोटं राहील असं काठीला बांधून ठेवा, हातात धरू नका, हात हलतो. साका जवळ आला की थांबा. शेवटचा पेलाभर सोडून द्यायला जीव तुटतो, मला माहीत आहे. तो वेगळ्या बाटलीत काढा आणि लोणच्याच्या बरण्या धुवायला वापरा.

हे काम एकदा नाही, दोनदा करायचं असतं, आणि पहिली वेळ लोक चुकवतात. यीस्टचं काम संपल्यावर, आंबट व्हायला ठेवण्याआधी, रस साक्यावरून काढून घ्या. त्यामागचं गणित सोपं आहे. कण जितका लहान तितका सावकाश बसतो, आणि हा फरक वर्गाच्या हिशोबाने वाढतो. दहापट लहान कण शंभरपट सावकाश बसतो. यीस्ट आठवड्यात तळाला जातं. आंबटपणा आणणारे बॅक्टेरिया एखाद्या मायक्रॉनचे, ते महिने घेतात. दोन्ही एकत्र तरंगत ठेवलेत तर तुम्हाला कुठलं काय ते कधीच कळणार नाही.

चार: थंडी

एक बाटली भरून फ्रिजमध्ये तीन दिवस उभी ठेवा. आडवी नाही.

यीस्ट असेल तर थंडीत सुस्तावतं, गुठळ्या धरतं आणि खाली जातं. बेळगावच्या डिसेंबरच्या रात्री हे काम फुकट करतात, पण आपला माल निघतो जूनमध्ये, म्हणून फ्रिज.

तीन दिवसांनी स्वच्छ झालं तर बाकीचंही तसंच करा, नळीने काढा, झालं. जास्तच धुरकट झालं आणि बाहेर काढल्यावर दोन तासांत पुन्हा साफ झालं, तर तो प्रोटीन-टॅनिनचा खेळ. तो खायला अजिबात अपायकारक नाही. तुम्ही विकणार नसाल तर मी म्हणेन, सोडून द्या. लोणच्यात कोण बघतंय? काहीच फरक पडला नाही, तर यीस्ट नाही. सहावी तपासणी करा.

पाच: बाटलीतली हवा

ज्यांचं पुन्हापुन्हा धुरकट होतं त्यांच्यासाठी.

व्हिनेगर करणाऱ्या बॅक्टेरियांना हवा लागते. म्हणून आंबट होताना आपण बरणीला फडकं बांधतो, झाकण लावत नाही. पण काम संपल्यावरही अर्धी रिकामी बाटली ठेवलीत तर ते पुन्हा कामाला लागतात, वर पडदा धरतात (त्यालाच 'मदर' म्हणतात), पडदा जड होऊन बुडतो, नवा धरतो. बरणीत लोंबकळणाऱ्या चिंध्या दिसतात त्या याच. अपायकारक नाहीत, उलट पुढच्या वर्षीचं विरजण म्हणून उपयोगी आहेत. पण त्या असेपर्यंत बाटली स्वच्छ राहणार नाही.

बाटल्या लहान घ्या, मानेपर्यंत भरा, घट्ट झाकण लावा. साखर संपली आहे हे आधी बघितलंय ना? मगच. झाकण पत्र्याचं असेल तर आतून प्लॅस्टिकचा थर असलेलं, नाहीतर गंज उतरतो.

आता त्या वळवळणाऱ्या धाग्यांबद्दल. ते व्हिनेगरमधले सूक्ष्म जंत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. बॅक्टेरिया खाऊन जगतात, माणसाला काही करत नाहीत. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांबरोबर येतात. फडकं सैल बांधलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. गाळून, पुढे सांगितल्याप्रमाणे तापवलं की संपले. माझ्या जावेने ते एकदा बघितले आणि त्यानंतर चार वर्षं आमच्या घरची कोशिंबीरसुद्धा खाल्ली नाही. शास्त्र सांगून उपयोग नसतो अशा वेळी.

सहा: मेडिकलमधल्या दोन चाचण्या

इथपर्यंत काही घातलेलं नाही, हे लक्षात घ्या. आता सुद्धा घालायचं नाही, फक्त विचारायचं. दोन्ही चाचण्या चमचाभर व्हिनेगर बाजूला काढून करायच्या आणि नंतर मोरीत ओतून द्यायच्या. चाखायच्या नाहीत.

स्टार्चसाठी आयोडिन. जखमेला लावतो ते पोव्हिडोन आयोडिन चालतं, पाण्यात थोडं पातळ करून. बशीत चमचाभर व्हिनेगर घ्या आणि थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च. इथे बोंडूची एक खोड आहे, तिने मला दोन हंगाम फसवलं. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या पाचपट तरी असतं, आणि ते आयोडिनचा रंगच खाऊन टाकतं. पहिले थेंब पडतात आणि रंग नाहीसा होतो. लोक म्हणतात, "काही झालं नाही, स्टार्च नाही." थांबा की. रंग टिकेपर्यंत थेंब टाकत राहा. पिवळट-तपकिरी टिकला तर स्टार्च नाही. निळा आला तर आहे.

स्टार्च येतो कुठून? साबुदाण्यातून. बोंडूचा तुरटपणा काढायला रसात साबुदाण्याची खळ घालायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे: लिटरला ५ ग्रॅम साबुदाणा, वाटून, थोड्या पाण्यात शिजवून, गार करून. सासूबाई साबुदाण्याऐवजी भाताची पेज घालायच्या, लिटरला साधारण १२५ मिलिलिटर. टॅनिन त्या स्टार्चला धरतं आणि दोघं मिळून रात्रभरात तळाला बसतात. सकाळी वरचा निवळ रस काढून घ्यायचा. पण हे ताज्या रसाचं काम आहे. तयार व्हिनेगर गढूळ दिसलं म्हणून त्यात मूठभर साबुदाणा शिजवून घातला, तर धरायला टॅनिन उरलेलं नसतं आणि खळ तशीच तरंगत राहते. गेल्या वर्षी एकांनी वीस लिटरचं असं केलं. मी सांगितलं, आता हे निवळणार नाही, सांबार-रस्स्यात घालून संपवा. ते रागावले. पण दुसरं काय सांगणार?

पेक्टिनसाठी स्पिरिट. एक चमचा व्हिनेगर, चार चमचे सर्जिकल स्पिरिट, दहा मिनिटं. गॅसपासून लांब. जेलीसारख्या गुठळ्या किंवा दोरे दिसले तर पेक्टिन. जॅम घट्ट करतं तेच हे. आणि हे बहुतेकदा त्यांच्याकडे सापडतं ज्यांनी "जंतू मरू देत" म्हणून बोंडू आधी उकळले. उकळल्याने गरातलं पेक्टिन रसात उतरतं आणि ते मोडू शकणारी फळातली एन्झाइम्स मरतात. रस कच्चाच काढा. स्वच्छतेची काळजी असेल तर बोंडू धुऊन घ्या, पडलेले-फुटलेले बाजूला काढा, आणि रस त्याच दिवशी लावा. दुसऱ्या दिवसापर्यंत बोंडू टिकत नाही. बी पिरगळून काढताना टरफल फोडू नका. त्यातलं तेल कातडी जाळतं, ते रसात गेलं तर काय होईल याचा विचार करा.

सात: आता घाला, पण जे लागतं तेच

तुरटीपासून सुरुवात करते, कारण ती मला दर वर्षी कोणीतरी सुचवतंच. "विहिरीचं गढूळ पाणी तुरटी फिरवली की निवळतं, मग हे का नाही?" पाण्यात तुरटीतून ॲल्युमिनियमचा चिकट साका तयार होतो आणि तो गाळाला ओढून खाली नेतो. पण तो साका तयार व्हायला पाणी साधारण न आंबट न खारं लागतं. व्हिनेगरचा पीएच ३ च्या आसपास. तिथे तुरटी नुसती विरघळून बसते. निवळत काही नाही, ॲल्युमिनियम मात्र पोटात जातं.

पेक्टिन निघालं असेल तर पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन मोडणारं एन्झाइम. बेकरी आणि वाइनचं सामान विकणारे ऑनलाइन पाठवतात. ते रसात घालायचं औषध आहे, पाकिटावरच्या मापाने. तयार व्हिनेगरच्या आंबटपणात ते रेंगाळतं. घातलंत तर खोलीच्या उबेत ठेवा, फ्रिजमध्ये नाही, आणि चांगला वेळ द्या. पूर्ण निवळेल असं वचन मी देणार नाही.

प्रोटीनचा धुरकटपणा असेल आणि तुम्हाला बाटली विकायची असेल तर बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची माती. खाण्यायोग्य दर्जाचीच. चेहऱ्याला लावायची मुलतानी माती नव्हे, बोअरवेलवाल्यांकडची तर अजिबात नव्हे. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. कोमट पाण्यात घालून आदल्या दिवशीच भिजवून ठेवा, नाहीतर गोळे होतात आणि काम करत नाहीत. या मातीवर ऋण भार असतो, आंबट द्रवात प्रोटीनवर धन, म्हणून ती एकमेकांना चिकटतात आणि बसतात. ढवळा, आठवडाभर ठेवा, नळीने काढा. तळाचा साका जाड आणि सैल बसतो, बरंच व्हिनेगर त्यात वाया जातं. हे आधीच धरून चाला.

जिलेटिन टॅनिनला धरतं, झटपट काम करतं, बिअरवाल्यांचं लाडकं. पण ते जनावराच्या हाडा-कातडीचं. आमच्याकडे गिऱ्हाइकांत जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ. त्यांना न सांगता मी ते वापरणार नाही, आणि सांगून वापरलं तर ते घेणार नाहीत. म्हणून माझ्या घरात ते नाही. तुम्ही फक्त स्वतःसाठी करत असाल आणि चालत असेल, तर लिटरला ०.१ ते ०.२ ग्रॅम. थंड पाण्यात फुगवून, मग गरम करून, न उकळता. जास्त झालं तर तेच तरंगतं.

कुठलंही असो, आधी एका बाटलीत करून बघा. पूर्ण बरणीत कधीच नाही.

आठ: तापवणं

स्वच्छ झालेलं स्वच्छ ठेवायचं असेल तर. स्टीलचं पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, थर्मामीटर लावा, ६५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास. खिडक्या उघड्या, नाहीतर डोळे चुरचुरतात. गरमच बाटल्यांत भरा. बॅक्टेरिया, यीस्ट, ते जंत, सगळं थांबतं.

याला आठवा नंबर दिला कारण गढूळ व्हिनेगर तापवून स्वच्छ होत नाही, उलट प्रोटीन शिजून जास्त धुरकट होऊ शकतं. म्हणून पेलाभर तापवून, गार करून, एक रात्र ठेवून बघा. धुरकट झालं तर आधी बेंटोनाइट, मग आच.

वीज गेली तर काळजी नाही, हे गॅसवरचं काम आहे. फ्रिजचे तीन दिवस मात्र हेस्कॉमच्या, आमच्या वीज कंपनीच्या, कृपेवर. पावसात दोनदा वीज गेली तर माझे पाच दिवस होतात.

कुठे थांबायचं

तार सुटते: चिकट द्रव्य करणारे दुसरेच बॅक्टेरिया घुसलेत. वर लोकरी बुरशी: आंबटपणा कमी पडला. दोन्ही फेकून द्या. गाळून, उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका. बरणी उकळत्या पाण्याने धुवा, फडकं जाळा, नळी नवी घ्या.

काळी-निळी झाक: लोखंड आणि टॅनिन. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड मिळून शाई करत, तीच ही शाई तुमच्या बरणीत झालीय. रस काढताना लोखंडी विळी, गंजलेला प्रेस, कुठलं तरी झाकण असं काहीतरी लागलं. थोडी झाक असेल तर अपाय नाही, पण चव धातूची लागते. हिरवट झाक आली, किंवा व्हिनेगर तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात राहिलं असेल, तर चव सुद्धा घेऊ नका. तो धातू घरी काढता येत नाही.

बाटलीचं झाकण फुगलंय: हातात घेऊन हलवू नका. जाड टॉवेल गुंडाळा, अंगणात न्या, तोंड लांब ठेवून हळूहळू सैल करा. काचेची असेल आणि फुगवटा मोठा असेल तर टॉवेल टाकून एक दिवस तशीच लांब ठेवा, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

आणि एक ठिकाण असं की जिथे व्हिनेगर अगदी आरशासारखं निवळ असलं तरी मी थांबते. विकायचं असेल, किंवा त्यात वर्षभराचं लोणचं घालायचं असेल, तर जिभेवर भरवसा नाही. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड किमान ३.७५ टक्के लागतं. पीएचची पट्टी हे सांगत नाही. ती आंबट आहे एवढंच सांगते, किती ॲसिड आहे ते नाही. ते मोजायला ठरलेल्या ताकदीचा कॉस्टिक सोडा आणि फेनॉल्फथॅलिन लागतं. रसायनशास्त्राची पदवी असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना करू द्या, नसेल तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत नमुना द्या. काचेच्या स्वच्छ बाटलीत, मानेपर्यंत भरून, वर तारीख लिहून. अर्जावर "एकूण आम्लता, ॲसेटिक ॲसिड म्हणून" असं स्पष्ट लिहा. धातूची शंका असेल तर तांबं आणि शिसं वेगळं लिहा, न मागता ते तपासत नाहीत. आणि विकायला सुरुवात करण्याआधी अन्न परवान्याची नोंदणी. ते काम निवळण्यापेक्षा लवकर होतं.

मला फोन करायचा झाला तर दुपारी चारनंतर करा, आणि त्याआधी ग्लासामागे पेपर धरून बघितलेला असू दे.